एकवीस अक्षरं

९ नोव्हेंबर २००३, रविवार

कोंडाजीकाका कळवणहून आले ते खांद्यावर गोणपाट टाकूनच. मला वाटलं, नागली आणली! आईनं तर डबाही रिकामा करायला घेतला. गोणपाट सोडलं — आत कॉम्प्युटर. शाळेतला. तोच!

काळा, पाटीएवढा, रबरी बटणांचा. ना पडदा, ना माउस. टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे. विलायतेत घराघरात असायचा म्हणे स्पेक्ट्रम नावाचा, त्याची ही आपल्याकडे केलेली हुबेहूब नक्कल. मी इथं शहरात इंदिरानगरच्या क्लासमध्ये रोज पोरींना विंडोज शिकवते, आणि आज माझ्या मांडीवर हा!

काका म्हणाले, “सुवर्णमहोत्सव हाय ना शाळेचा, म्हनून अडगळीची खोली मोकळी केली. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं व्हतं हे. मी म्हनलं, नाय, हे आमच्या सरांचं हाय.” बत्तीस वर्षं शिपाई होते काका. अजून बाबांसमोर खुर्चीत बसत नाहीत.

आणि बाबा? एकदा बघितलं. चपला घातल्या. “जरा फिरून येतो.” भर दुपारी एक वाजता!

त्यांचं तरी काय चुकलं. एकोणनव्वद साली हे मशीन शाळेला देणगीत मिळालं. ट्रेनिंगला पुण्याला कोण गेलं — देवराम भोये सर, सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा पहिला शिकलेला माणूस. माझे बाबा! दिवाळीच्या सुट्टीत प्रोग्रॅम पुरा करायला त्यांनी ते परवानगी घेऊन घरी आणलं. सुट्टी संपली तेव्हा मशीन मेलेलं. बाबांनी लिहून दिलं — माझ्या निष्काळजीपणामुळे बिघडले. एक ओळ. रावजी सर तेव्हा मुख्याध्यापक. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, “रानातल्या माणसाच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय होणार!” मशीन कपाटात गेलं आणि बाबा झाले ‘शॉर्टसर्किट सर’. रिटायर होईपर्यंत. पोरं तर पोरं, बाजारात भाजीवालेसुद्धा! मुख्याध्यापक व्हायची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला बसवलं.

आता ११ जानेवारीला सुवर्णमहोत्सव. सगळ्या जुन्या शिक्षकांचा सत्कार. पत्रिका आली तशी बाबांनी मीटरच्या खोक्यामागे सारली. जाणार नाहीत म्हणे.

ठरवलं मी. हे मशीन चालू करायचं. ११ तारखेला स्टेजवर सगळ्यांसमोर चालवायचं, आणि बाबांना त्याच्या शेजारी उभं करायचं. बघूच कोण शॉर्टसर्किट म्हणतं ते!

१० नोव्हेंबर

टीव्हीला जोडला. नुसत्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. जळका वास नाही, हे काय कमी आहे!

१६ नोव्हेंबर, रविवार

ललित आला. क्लासच्या खाली त्याचं टीव्ही रिपेअरचं दुकान आहे. मशीन बघून म्हणाला, “मॅडम, हा कॅल्क्युलेटर कुठल्या लग्नात मिळाला?” पण स्क्रू काढले आणि वाकून आत बघतच राहिला तो. मीसुद्धा.

केवढीशी ती आतली पाटी! क्लासमधल्या मशीनचं पोट उघडलं की वायरींचा गुंता, पंखे, काय नि काय. इथे वीस-पंचवीस आयसी, शिस्तीत, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे. ललित एकेकावर बोट ठेवून सांगत होता — हा डोकं, हे आठ स्मरण, हा रंग पाठवणारा. सगळं दिसतं! कुठे काही झाकलेलं नाही. मी तीन वर्षं कॉम्प्युटर शिकवते, आणि कॉम्प्युटर आज पहिल्यांदा बघितला.

आणि मग ललित म्हणाला, “हे काय, पूजा घातली होती का याची?”

बटणांखाली हळद! फटीफटीत कुंकू, लाल चिखल होऊन वाळलेलं. पाटीच्या एका कोपऱ्यावर चिकट, काळपट साका, त्यात मेलेल्या मुंग्या, मिठासारखे खडे, पॅकिंगच्या थर्माकोलचा एक पिवळट तुकडा. त्या साक्याखालचा तांब्याचा पट्टा हिरवा पडून खाल्लेला. ललित म्हणाला, “जळालंबिळालं काही नाही. पाणी गेलंय आत. गोड पाणी.”

लगेच कळवणला एसटीडी लावला. कोंडाजीकाका म्हणाले, “मंग! त्या साली दसऱ्याला पूजा झाली ना मशीनची. मीच पाट मांडला. रावजी सरांनी सोता नारळ फोडला त्याच्याम्होरं. पानी लय उडालं व्हतं.”

नारळाचं पाणी! दसऱ्याला आत शिरलं, गंज चढत चढत दिवाळीपर्यंत गेला, आणि मशीन मेलं ते नेमकं आमच्या घरी. नारळ फोडला रावजी सरांनी आणि शॉर्टसर्किट झाले माझे बाबा!

सगळा साका, कुंकू, खडे — खरवडून एका कागदात घेतलं आणि पुडी बांधली. पुरावा आहे. कपाटात ठेवलाय, साड्यांखाली.

बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, “राहू दे ना आता.” एवढंच! या माणसाला राग म्हणून येत नाही. सगळा माझ्याच वाट्याला आलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार

चालू झाला!!!

आठातला एक स्मरणाचा आयसी गेला होता. ललितनं मुंबईहून मागवला. तांब्याचा पट्टा केसाएवढ्या वायरीनं सांधला. बटणांची जाळी मी स्पिरिटनं पुसली, कापसाचे बोळेच्या बोळे लाल झाले. मग पिन लावली. टीव्ही काळा झाला — आणि मग पांढरा. शुभ्र पांढरा! खाली एक बारीक ओळ, कंपनीच्या नावाची आणि सालाची. बस. तेवढंच. ना स्वागताचं संगीत, ना ढगांचं चित्र. कोरा कागद समोर ठेवावा तसा.

चौदा वर्षं अडगळीत होता. विंचू, उंदीर, पावसाळे. आणि पिन लावल्यावर दोन सेकंदांत हजर! ललित चक्क टाळ्या वाजवत होता.

आई लगबगीनं कुयरी घेऊन आली. “थांब गं, हळदकुंकू लावते, चांगल्या कामाला—” मी ओरडलेच, “अजिबात नाही! त्याच हळदीकुंकवानं मेलं ते!” आई फुरंगटली. “मला शिकवतेस? लहानपणी तर दिसेल त्याला लावत सुटायचीस. रेडिओला, सायकलला. शेजारच्या बंटीच्या कुत्र्यालासुद्धा लावलं होतंस!” ललित हसून हसून बेजार. माझी शोभा करायची एक संधी सोडत नाही ही बाई.

बाबा आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. बाहेर आले नाहीत.

२४ नोव्हेंबर

क्लासहून आल्या आल्या बसले. काहीतरी लिहून दाखवायला सांगावं म्हणून ‘प्रिंट’ टाइप करायला घेतलं. पी दाबलं तर आख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटला! मग आर, आय, एन, टी, तर पुढे नुसतंच ‘रिंट’. पुसलं. पुन्हा तेच. मी वैतागून बटणांवर हात आपटणार, एवढ्यात पेपरामागून आवाज आला —

“एक पी दाब नुसता.”

मी वळले नाही.

“एकेक बटण म्हणजे एकेक आख्खी आज्ञा आहे. स्मरण कमी, म्हणून अक्षरं साठवत बसत नाही ते. ‘जे’च्या बटणावर ‘लोड’ लिहिलंय. दिसतंय का? पी-च्या शेजारी नाही, खालच्या ओळीत बघ.”

चौदा वर्षं झाली हात लावून. आणि पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, कुठलं बटण कुठे!

अठ्ठेचाळीस केबी. आमच्या क्लासमधल्या एका फोटोत असली पाच-सहा मशीनं बुडून जातील. तेवढ्यात याला गणित येतं, गोल काढता येतो, सूर वाजवता येतात, रंग कळतात. माझ्या पोरी म्हणतात, मॅडम, मशीन स्लो आहे, रॅम वाढवा. उद्या एकेकीचा कान धरते!

३० नोव्हेंबर

आज बाबांनी स्वतः ट्रंक काढली. तळाशी दोन वस्तू — एक चौकटींची वही आणि एक कॅसेट. कॅसेटवर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘भाग १’. माझ्या हातात दिल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

टेपरेकॉर्डर जोडला. कॅसेट लावली. काय तो आवाज! आधी एकच लांब शिट्टी, मग कर्कश्श किरकिर. आई स्वयंपाकघरातून, “मांजरं भांडताहेत की काय!” पण टीव्हीच्या कडांना पट्टे धावायला लागले — आधी लाल-निळसर, मग निळे-पिवळे, थरथरत, एकसारखे. आवाज डोळ्यांनी दिसत होता! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ती किरकिर म्हणजे बाबांनी लिहिलेल्या ओळी. एकेक आकडा, आवाज होऊन, त्या तपकिरी फितीवर चौदा वर्षं चिकटून बसलेला.

आणि मग — एरर. पुन्हा लावली. एरर. तिसऱ्यांदा अर्ध्यावर लोडशेडिंग!

७ डिसेंबर, रविवार

आज लोड झाला. नीट लिहिते.

ललित बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन फिरवत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे. तेरा वेळा एरर. ललित म्हणाला, “मॅडम, फीत गेली असेल.” तेव्हा बाबा गॅलरीतून आत आले. खाली बसले. ललितच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. डोळे मिटले आणि किरकिर ऐकत हळूहळू फिरवायला लागले, तंबोरा सुरात लावावा तसं. “आवाज अजून टोकदार पाहिजे... आता बघ.”

पट्टे धावले. धावतच राहिले. थांबले. पडदा पांढरा झाला, आणि त्यावर उमटलं —

घर.

मराठीत! शिरोरेषेसकट! खाली एक ठोकळ्यांचं घर, कौलांचा रंग लाल. मग ‘कमळ’. मग ‘बदक’. मग ‘नळ’ आणि थेंब थेंब पडणारं पाणी. या मशीनला इंग्रजीशिवाय काही येत नाही. मराठी आणली कुठून?

बाबांनी वही उघडली. प्रत्येक पानावर आठ बाय आठ चौकटी, पेन्सिलीनं भरलेल्या. एकेका ठिपक्यानं एकेक अक्षर. खोडून, परत भरून. ‘ळ’ सात वेळा काढलाय! “आपली अक्षरं करायला मशीन फक्त एकवीस जागा देतं,” बाबा म्हणाले. “एकवीसच. मग निवडायची. वीस अक्षरं आणि एक काना. वेलांटी नाही, उकार नाही, मात्रा नाही. पहिलीच्या पोरांना तसेच शब्द लागतात ना — कमळ, बदक. आपल्याकडची पोरं घरात पाड्यावरची आपली कोकणी बोली बोलतात. शाळेतलं मराठी त्यांना परकं. म्हटलं, टीव्हीत दिसलं तर आवडेल त्यांना.”

एका दमात एवढं बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मी विचारलं, “मग माझं नाव येणार नाही याच्यात. मोहिनी — सगळी वेलांटी आणि मात्रा.”

बाबा हसले. “शेवटपर्यंत बघ.”

शेवटचा शब्द गेला. पडदा कोरा झाला. आणि एक रेघ निघाली. अक्षर नाही, रेघ! सरळ गेली, वळली, खाली आली. दुसरी निघाली. अक्षरं मावत नव्हती म्हणून त्यांनी आख्खं नाव चित्रासारखं काढलं होतं — एकेका रेघेचं गणित करून, एकेका गोलाईचं माप धरून. हळूहळू, पडदाभर मोठं — मोहिनी. आणि भोवती रंग बदलणारी चौकट.

“हेच करायला घरी आणलं होतं तेव्हा,” बाबा म्हणाले. “तुला दिवाळीला दाखवणार होतो.”

मी रडले. ललितसमोर! रडू दे, गेलं उडत.

२१ डिसेंबर

बाबा येणार! म्हणाले, “पोरांना दाखवायला येईन. सत्कार-बित्कार नको.” मी हो म्हटलं. सत्काराचं मी बघते. पुडीबद्दल बोलले नाही.

१० जानेवारी २००४

उद्या. मशीन टॉवेलात गुंडाळलं. कॅसेटच्या दोन कॉप्या केल्या. पुडी पर्समध्ये. माइकवर काय बोलायचं ते पाठ केलंय — “हे मशीन भोये सरांनी बिघडवलं नाही. हा पुरावा. दसऱ्याला याच्यापुढे नारळ कुणी फोडला, ते त्यांनीच उठून सांगावं.” रावजी सर येणार आहेत. संस्थेवर आहेत आता, पहिल्या रांगेत बसतील. बसू देत!

११ जानेवारी, रविवार

आत्ताच कळवणहून परतलो. डोकं फुटायची वेळ आली आहे.

आधी चांगलं लिहिते. एसटीत तीन तास मशीन बाबांच्या मांडीवर होतं. मला धरू दिलं नाही. मंडपात डेकोरेटरचा मोठा कलर टीव्ही. पोरं जमिनीवर, पुढे पुढे सरकत अगदी टीव्हीच्या पायाशी. किरकिर सुरू झाली तशी सगळी कान झाकून हसायला लागली. मग पट्टे — आणि सगळ्यांचे हात कानांवरून खाली आले. ‘घर’ उमटलं तर दोनशे पोरं एका सुरात ओरडली, “घऽऽर!” कुणी शिकवलं नव्हतं! “कमऽऽळ! बदऽऽक!” एक बारकी मुलगी उठून टीव्हीच्या काचेवर बोट फिरवून आली. मागे बसलेले आईबाप, काही आपल्या पाड्यांवरचे, तेही वाचत होते. कोंडाजीकाका डोळे पुसत होते. आणि बाबा मशीनजवळ उकिडवे बसून पोरांची तोंडं बघत होते. मी त्यांचा तो चेहरा आयुष्यभर विसरणार नाही.

मग रावजी सर काठी टेकत उठले. माइकवर म्हणाले, “हे मशीन तर बंद पडलं होतं ना, भोये?”

मंडपात खसखस पिकली. कुणीतरी मागून “शॉर्टसर्किट!” म्हणालंच.

बाबा उभे राहिले. शांतपणे म्हणाले, “हो सर. माझ्याच घरी पडलं होतं.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पर्स उघडली, पुडी काढली, माइककडे निघाले. बाबांनी मनगट धरलं. घट्ट. एवढ्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं.

“मोहिनी, बस खाली.”

“पण बाबा, त्यांनी—”

“त्यांनी काही केलं नाही. बस.”

बसले. चौदा वर्षं ज्यानं यांची अब्रू धुळीला मिळवली, त्यालाच पाठीशी घालायचं? एवढंही कुणाला घाबरू नये माणसानं! मला लाज वाटली बाबांची. लिहिलं. वाटली म्हणजे वाटली.

१२ जानेवारी, सकाळ

पुडी फेकून द्यायला काढली. गॅलरीत उन्हात उघडली.

थर्माकोल नाही तो. नखानं दाबला तर चुरा झाला. लाही आहे. साळीची लाही. आणि ते खडे मिठाचे नाहीत, एक जिभेला लावून बघितला. बत्तासा. ललित म्हणाला होता ते गोड पाणी याचं.

शाळेत दसऱ्याला झेंडू असतो, आपट्याची पानं असतात, नारळ असतो. लाह्या-बत्तासे दसऱ्याला कुणी वाहत नाही. ते लक्ष्मीपूजनाला. घरी. आमच्या घरी, त्या दिवाळीत. आणि दिसेल त्याला हळदकुंकू लावणारी त्या घरात एकच होती. नऊ वर्षांची.

बाबा आरशासमोर दाढी करत होते. मी दारात उभी राहिले, पुडी तशीच हातात. म्हटलं, “बाबा, त्या दिवाळीत मशीनची पूजा कुणी केली होती?”

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

“फार छान केली होतीस,” म्हणाले. “रांगोळीसुद्धा काढली होतीस.”